विनोदाला पडायला जागा हवी : स्टँड-अपच्या मटेरियलचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा स्टँड-अप कॉमेडीशी काय संबंध? पण हसणं हा तत्त्वज्ञांचा फार जुना विषय आहे. ॲरिस्टॉटल, हॉब्ज, कान्ट, बर्गसाँ या सगळ्यांनी त्यावर लिहिलं आहे. आपल्याकडे नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, ओठांवरच्या स्मितापासून अंग गदगदा हलवणाऱ्या अतिहसितापर्यंत. मात्र या मंडळींचा मुख्य प्रश्न 'माणूस का हसतो' हा होता. विनोद करणाऱ्याचा प्रश्न याहून वेगळा आणि जास्त टोचणारा असतो. 'काल इथेच हशा आला होता, आज का नाही आला? आणि उद्या यावा म्हणून मी काय बदलू?'

आज आपण या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. स्टँड-अपवाले आपल्या मजकुराला 'मटेरियल' म्हणतात. हे मटेरियल दमदार कसं होतं? ही कला आजच्या रूपात अमेरिकेत घडली, म्हणून बराच वेळ आपण तिकडेच राहू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विनोद टेबलाशी बसून पूर्ण होत नाही. तो लोकांसमोर पडतो, उठतो, पुन्हा पडतो, आणि असं बऱ्याचदा झाल्यावर कधीतरी उभा राहतो. त्यामुळे विनोदाला पडायला जागा कुठे होती, ती कुणी दिली आणि कुणी काढून घेतली, हे पाहिलं की मटेरियलचा इतिहास आपोआप उलगडतो.

सुरुवात व्हॉडव्हिलपासून करू. १८८१ साली टोनी पास्टर याने न्यूयॉर्कमध्ये बायका-मुलांसह पाहता येईल असा करमणुकीचा कार्यक्रम सुरू केला. त्याआधी असे कार्यक्रम दारूच्या गुत्त्यांतून चालत. पुढे कीथ आणि अल्बी या दोघांनी देशभर थिएटरांची साखळीच उभी केली. एका तिकिटात आठ-नऊ प्रकार असत: गाणं, कसरत, जादू, शिकवलेले कुत्रे, छोटं नाटुकलं, आणि एकटा उभा राहून बोलणारा माणूस. आता गंमत पाहा. मागे पुढच्या प्रयोगाचं सामान लावायचं असलं की मधला पडदा पाडत, आणि त्या पडद्यापुढच्या अरुंद पट्टीत हा बोलणारा उभा राही. तिकडे ठोकाठोक चालू, इकडे याची बडबड. स्टँड-अपची एक मुळी तरी या सामान हलवायच्या वेळात रुजलेली आहे.

या माणसाकडे दहा-पंधरा मिनिटांचं मटेरियल असे, आणि ते त्याला वर्षानुवर्षं पुरत असे. आज हे गाव, पुढच्या आठवड्यात ते गाव. एकाच गावात परत यायला खूप काळ लागायचा. याचा फायदा काय झाला? एकच वाक्य तो शेकडो वेळा म्हणून पाही. एका गावी थांबून पाहिलं, दुसऱ्या गावी शब्द बदलून पाहिला, तिसऱ्या गावी अर्धं वाक्य गाळून पाहिलं. नदीतला गोटा जसा गुळगुळीत होतो तसा तो विनोद होत जाई. आपल्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्याला हे सांगायला नको. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'च्या प्रयोगात त्या त्या गावचं, त्या त्या दिवसाचं काहीतरी घालत, ते कशाच्या बळावर? रोज रात्री समोर बसलेल्या लोकांच्या बळावर.

पण व्हॉडव्हिलच्या विनोदाला एक मोठी उणीव होती. तो कुणाचाच नव्हता. लंडनमध्ये १७३९ साली जो मिलर या नटाच्या नावावर विनोदांचं एक पुस्तक निघालं. मिलर तेव्हा हयातसुद्धा नव्हता. तसल्या पुस्तकांतले विनोद दीड-दोनशे वर्षं या तोंडातून त्या तोंडात फिरत राहिले. चोरीला कुणी चोरी म्हणत नसे. त्यात भर म्हणून ठरलेली सोंगं: दारुडा आयरिश, चिक्कू ज्यू, आणि तोंडाला काळं फासून केलेली काळ्या माणसांची नक्कल. हशा हमखास मिळे, पण तो आधीच लोकांच्या मनात साठवलेल्या तिरस्कारावर मिळे. विनोद घासूनपुसून चकचकीत झालेला असायचा, पण बोलणाऱ्याने स्वतः काही पाहिलंय, सोसलंय, असं त्यात काही नसायचं.

मग रेडिओ आला, आणि व्हॉडव्हिलचं मानाचं थिएटर असलेलं न्यूयॉर्कचं पॅलेस १९३२ साली सिनेमाघर झालं. रेडिओने काय केलं? जे दहा मिनिटांचं मटेरियल दहा वर्षं पुरायचं ते एका रात्रीत संपवलं. आज सगळ्या देशाने ऐकलं, उद्या ते शिळं. आता दर आठवड्याला नवं हवं. बॉब होपने यावर जो उपाय काढला तो कारखानदाराचा होता: पगारी लेखकांची फौज. त्याच्या विनोदांची फाइल आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, आणि तिची पानं भरतात ८५,००० हून अधिक. पण एवढे लेखक असूनही तो त्यांच्या कागदावर भरवसा ठेवत नसे. प्रक्षेपणाआधी खऱ्या प्रेक्षकांपुढे लांबलचक कार्यक्रम करायचा, आणि जिथे हशा आला तेवढंच ठेवून बाकीचं कापायचं, ही त्याची पद्धत. म्हणजे पडायची जागा रेडिओने काढून घेतली, ती त्याने पैसे मोजून पुन्हा उभी केली.

दुसरी फाइल फिलिस डिलर या बाईंची. १९५५ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, पाच मुलांची आई असताना त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' नावाच्या तळघरातल्या क्लबात पहिल्यांदा उभ्या राहिल्या. बाईने एकटीने उभं राहून लोकांना हसवायचं, हे तेव्हा जवळजवळ कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं पोलादी कपाट आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या नोंदींची कपाटं असत, तसलंच; त्यात ५०,००० हून जास्त कार्डं. एका कार्डावर एक विनोद, विषयवार लावलेला. अनेक कार्डांवर तारीख आहे, आणि विनोद दुसऱ्या कुणी पाठवलेला असेल तर त्याचं नावही आहे. व्हॉडव्हिलमध्ये ज्याला वाली नव्हता त्या विनोदाला इथे नावनिशी मिळाली. ज्याला कुणाला वाटतं की विनोदी माणूस म्हणजे हजरजबाबी, सुचेल ते बोलणारा, त्याने हे कपाट डोळ्यांपुढे आणावं. एखाद्या तलाठ्याचं दप्तर इतकं नेटकं नसेल.

याच सॅन फ्रान्सिस्कोत १९५३ च्या डिसेंबरात, 'हंग्री आय' नावाच्या क्लबात, मॉर्ट साल हा तरुण उभा राहिला. सूट नाही, टाय नाही. अंगात साधं स्वेटर, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. सुरुवातीला तो आपली टिपणं त्या वर्तमानपत्रात लपवून आणत असे. तो ठरीव विनोद सांगत नव्हता, आजच्या बातमीबद्दल स्वतःचं मत बोलत होता. इथे एक मोठा फरक पडला. आता विनोद आणि विनोद सांगणारा यांना वेगळं काढता येईना. सालचा विनोद दुसऱ्याने म्हटला तर तो पडे, कारण त्याच्यामागे साल नसे.

सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी वक्तृत्वावरच्या ग्रंथात एक साधी कसोटी दिली आहे. विनोद दोन प्रकारचे: एक शब्दांत असतो, एक गोष्टीत असतो. शब्द बदलून पाहा. हशा गेला तर तो शब्दांतला. शब्द बदलूनही हशा राहिला तर तो गोष्टीतला. आज मटेरियल घडवणाऱ्या कुणालाही ही कसोटी उपयोगी पडेल. आम्ही तिच्यात फक्त एका पायरीची भर घालू. शब्द तेच ठेवा आणि बोलणारा माणूस बदला. तरीही विनोद तितकाच चालला तर समजावं की तो बाजारातला आहे, अजून आपला झालेला नाही.

इथे कुणी हरकत घेईल: पण बॉब न्यूहार्टचं काय? शिकागोतला हा अकाउंटंट. १९६० साली त्याची ध्वनिमुद्रिका आली, आणि तिला त्या वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ती मुद्रित होईपर्यंत तो नाइट क्लबात उभाही राहिलेला नव्हता! मग कुठे पडला त्याचा विनोद? पडला, टेलिफोनवर पडला. कचेरीतल्या कंटाळ्यावर उतारा म्हणून तो एका मित्राला फोन करून सोंगं करीत असे. पुढे ती मुद्रित करून त्यांनी रेडिओ केंद्रांना विकायचाही प्रयत्न केला, पण त्यात पैसा मिळाला नाही. त्याच्या गाजलेल्या विनोदांची रचना पाहा: तो फोनवर बोलतो, पलीकडचा माणूस आपल्याला ऐकूच येत नाही, तो आपण मनात रचायचा. ही रचना त्याला जिथे सराव झाला त्या जागेनेच दिली.

आता आपण या इतिहासातल्या सगळ्यात दुःखद पानाकडे येतो. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवरच्या एका कॅफेतल्या कार्यक्रमांबद्दल लेनी ब्रूसला अश्लीलतेच्या आरोपाखाली अटक झाली. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत अशाच खटल्यातून तो सुटला होता. न्यूयॉर्कच्या खटल्यात सरकारतर्फे परवाना खात्याचा एक निरीक्षक साक्षीला आला. त्याने कार्यक्रमात बसून टिपणं घेतली होती, आणि ती तो कोर्टात वाचून दाखवू लागला. कल्पना करा, आवाजात चढउतार नाही, थांबणं नाही, मधली वाक्यं गळलेली. ब्रूस वैतागून म्हणाला त्याचा आशय असा, की हा माणूस माझा कार्यक्रम वाईट करून दाखवतोय आणि त्याच्या चुकलेल्या टायमिंगवर तुरुंगात मात्र मी जाणार. मला स्वतःला करून दाखवू द्या, अशी विनवणी त्याने न्यायाधीशांना केली. ती मान्य झाली नाही. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी तो दोषी ठरला, पुढे चार महिन्यांची शिक्षा झाली. अपील पूर्ण व्हायच्या आत, ३ ऑगस्ट १९६६ रोजी, तो मादक द्रव्याच्या अतिसेवनाने गेला. वय ४०. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्याला माफी दिली ती २००३ च्या डिसेंबरात.

ब्रूसच्या खटल्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. विनोद म्हणजे कागदावरचे शब्द, असं कोर्टाने धरून चालायचं ठरवलं. आणि ब्रूसचं म्हणणं होतं की शब्द हा विनोदाचा एक हिस्सा आहे. सूर, थांबणं, नजर, समोरचे लोक, हे सगळं मिळून विनोद होतो. निरीक्षकाच्या वहीत उरला होता तो विनोदाचा सांगाडा.

याहून वाईट पुढे घडलं. क्लबांचे मालक त्याला बोलवायला घाबरू लागले. त्याची पडायची जागाच गेली. जिथे मिळेल तिथे तो खटल्याची कागदपत्रं घेऊन उभा राही आणि ती वाचून दाखवी. १९६५ मधलं त्याचं एक चित्रमुद्रण आहे, त्यात हे दिसतं. त्याचं म्हणणं न्याय्य होतं, राग खरा होता, पण विनोद बहुतेक संपला होता. यात नव्या लोकांनी लक्षात घ्यावं असं काही आहे. आपल्यावरचा अन्याय कितीही खरा असो, त्याचा विनोद व्हायला त्याच्यापासून थोडं लांब उभं राहता यावं लागतं. ब्रूसला ते अंतर कुणी मिळूच दिलं नाही.

रिचर्ड प्रायरची कथा याच्या उलट दिशेने जाते. १९४० सालचा जन्म, इलिनॉयमधल्या पिओरिया गावचा. आजीच्या कुंटणखान्यात लहानाचा मोठा झाला. नाव होऊ लागलं ते मात्र सभ्य, गोरगोमट्या विनोदावर. बिल कॉस्बीची छाप त्याच्यावर स्पष्ट होती. टीव्हीवर दिसत होता, पैसा मिळत होता. १९६७ च्या सप्टेंबरात लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात भरलेल्या प्रेक्षागृहासमोर तो उभा राहिला, लोकांकडे पाहिलं, आपण इथे काय करतोय असं काहीसं पुटपुटला आणि निघून गेला. त्याचं मटेरियल त्या दिवशी पडलं नव्हतं. ते चालत होतं, आणि हीच त्याची अडचण होती. दुसऱ्याच्या आवाजात मिळालेलं यश त्याला नको झालं.

पुढे १९७१ च्या सुमाराला तो कॅलिफोर्नियात बर्कलीला जाऊन राहिला. छोट्या जागी, थोड्या लोकांपुढे वाटेल ते करून पाहिलं. आणि मग पिओरियाची माणसं त्याच्या तोंडून बोलू लागली: दारुडे, जुगारी, पाद्री, नाक्यावरचे शहाणे, आणि मडबोन नावाचा गप्पिष्ट म्हातारा. १९७९ साली आलेला त्याचा 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' हा चित्रपट अनेक जाणकार या कलेतला सर्वोच्च प्रयोग मानतात. त्यात स्वतःला आलेला हृदयविकाराचा झटका तो करून दाखवतो. त्याचं हृदयच एखाद्या गुंडासारखं त्याला दमदाटी करतं, गुडघ्यावर बसवतं, जमिनीवर लोळवतं. मरणाच्या भीतीवर हजारो लोक हसतात. पण हा भाग त्याला चित्रीकरणाच्या रात्री सुचलेला नव्हता. त्याआधी लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर' या क्लबात रात्रीमागून रात्री त्याने हे सगळं मटेरियल करून पाहिलं होतं.

या कॉमेडी स्टोअरकडेही जरा पाहू, कारण पडायच्या जागेचं भाडं कोण भरतं हा प्रश्न तिथे उघड्यावर आला. क्लब १९७२ साली सुरू झाला, आणि लवकरच मिट्झी शोअर यांच्या हाती आला. त्यांचं म्हणणं असं की ही नव्या कलावंतांची शाळा आहे. इथे शिका, नाव कमवा, मग बाहेर पैसे मिळवा. म्हणून विनोद करणाऱ्यांना पैसे नाहीत. दारू वाढणाऱ्याला मिळायचे, गाड्या लावणाऱ्याला मिळायचे, पण ज्याच्यासाठी लोक तिकीट काढत त्याला नाही. १९७९ साली कलावंतांनी संप केला. पुढे टीव्हीवर गाजलेले डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो संपकऱ्यांच्या बाजूने होते. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली, दर प्रयोगाला २५ डॉलर ठरले. रक्कम लहान होती. पण शिकत असतानाही माणूस काम करतच असतो, हे त्या २५ डॉलरांनी मान्य केलं. आपल्या शहरांतही ओपन माइकला उभं राहायला मुलंच पैसे भरतात किंवा मित्रांना तिकिटं खपवतात, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. फक्त ज्याला परवडतं त्यालाच पडायला मिळालं, तर उद्या रंगमंचावर फक्त परवडणाऱ्यांच्याच गोष्टी ऐकू येतील.

आता थोडं कारागिरीबद्दल. पडण्यातून नेमकं काय सुधारतं?

जेरी साइनफेल्डने १९९८ साली आपलं सगळं जुनं मटेरियल एकदाचं निकालात काढलं. नंतरच्या दिवसांवरचा एक माहितीपट २००२ साली आला. जगातला त्या घडीचा सगळ्यात यशस्वी विनोदकार न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबात हातात कागद घेऊन उभा आहे, आणि पुढचं आठवत नाही म्हणून गप्प झाला आहे, हे त्यात पाहायला मिळतं. टोस्टरमध्ये भाजून खायच्या एका गोड पदार्थावरच्या विनोदावर तो दोन वर्षं काम करत होता, असं त्याने २०१२ साली सांगितलं. पिवळ्या कागदाच्या वहीत हाताने लिहायचं, खोडायचं. एखादं वाक्य क्षणभर जरी लांबलं तरी त्यातली अक्षरं कापायची.

इतकं कशासाठी? कान्टने हसण्याची जी उपपत्ती मांडली ती इथे कामाला येते. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू येतं, असं तो म्हणतो. म्हणजे आधी अपेक्षा ताणायला हवी, आणि ती फुटायची ती एकाच क्षणी फुटायला हवी. ज्या शब्दावर ती फुटते तो शब्द शेवटी हवा. त्याच्यानंतर एक जरी शब्द आला तर लोक हसायचे थांबून तो ऐकतात.

इथे मराठीत विनोद करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. इंग्रजी वाक्याचा शेवट नामावर सहज होतो. आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन बसतं. समजा असं म्हटलं: 'आमच्या आजोबांनी शंभरी गाठली त्याचं श्रेय ते शेजाऱ्याशी रोज होणाऱ्या भांडणाला देत असतात.' भांडण आलं, हसू ओठांवर आलं, आणि 'देत असतात'ने ते खाली बसवलं. आता हेच असं म्हणून पाहा: 'आजोबांनी शंभरी गाठली. व्यायाम? कधी नाही. पथ्य? अजिबात नाही. शेजाऱ्याशी रोज भांडण.' क्रियापद गेलं, विनोद मोकळा झाला. पु. ल. देशपांड्यांचे एकपात्री प्रयोग नुसते ऐका, वाक्य कुठे तोडतात, कुठे अर्धं सोडतात यावर कान ठेवा. इंग्रजी विनोदाचं मराठी करून म्हणणारी मुलं नेमकी इथे अडतात. विनोद बरा असतो, पण क्रियापद त्याच्या पायात येतं.

ख्रिस रॉकची पद्धतही सांगण्यासारखी आहे. मोठ्या दौऱ्याआधी तो न्यू जर्सीतल्या एका लहान क्लबात, आगाऊ न कळवता, वही घेऊन जायचा. तिथे तो आपलं नेहमीचं ओरडणं, रंगमंचभर फिरणं मुद्दाम करत नसे. का? तर आपल्या नावामुळे आणि आवेशामुळे लोक हसले तर विनोद खरा किती आणि भीड किती हे कळणार नाही. बहुतेक विनोद पडत. तो वहीत पाही, खूण करी, पुढे जाई. असे अनेक प्रयोग झाल्यावर हाती जे उरे त्यातून तासाभराचा कार्यक्रम तयार होई.

इथपर्यंत ऐकून असं वाटेल, की म्हणजे जिथे हशा तिथे विनोद बरोबर, संपलं. इतकं सोपं ते नाही. याच रॉकने १९९६ साली काळ्या समाजातल्या अंतर्गत भेदावर केलेला एक भाग तुफान गाजला. त्या भागाने त्याला मोठं केलं. पुढे त्याने तो करायचं बंद केलं. काही गोऱ्या लोकांना त्यातून तो अपमानकारक शब्द वापरायचा परवानाच मिळाल्यासारखं वाटू लागलं, असं त्याचं कारण होतं. डेव्ह शॅपेलने २००५ साली आपल्या टीव्ही मालिकेचं तिसरं पर्व अर्धवट टाकलं, करार कोट्यवधी डॉलरांचा असताना. वंशभेदावरच्या एका प्रहसनाचं चित्रीकरण चाललं असताना एक गोरा माणूस हसला आणि ते हसणं आपल्याला वेगळंच वाटलं, असं त्याने नंतर सांगितलं. लोक आपल्याबरोबर हसताहेत की आपल्याला हसताहेत, हा तो प्रश्न.

म्हणजे हशा हा साक्षीदार आहे, निकाल कलावंतालाच द्यावा लागतो. व्हॉडव्हिलमधल्या काळं फासलेल्या तोंडालाही हशा मिळतच होता की! किती हसले याबरोबर कोण हसलं आणि कोण गप्प बसलं, हेही टिपायला हवं. आमच्या मते मटेरियल दमदार झालं की नाही याची ही शेवटची परीक्षा आहे, आणि ती कुठलंही ध्वनिमुद्रण घेऊ शकत नाही.

आता आजच्याकडे येऊ. मराठीत आज स्टँड-अप करणारी मुलं-मुली पुण्या-मुंबईपलीकडेही दिसू लागली आहेत, आणि ती आपल्या गावच्या बोलीत बोलतात याचा आनंद वाटतो. पण त्यांच्यासमोर जो माणूस बसतो त्याच्या हातात फोन असतो. व्हॉडव्हिलवाल्याचा पडलेला विनोद त्या गावातच राहायचा. आजचा पडलेला विनोद रात्रीत सगळीकडे पोचतो, तोही मागचं-पुढचं कापून. ब्रूसच्या खटल्यात वही घेऊन बसलेला एक निरीक्षक होता. आज प्रत्येक खुर्चीत तो बसू शकतो. म्हणून काही कलावंत कार्यक्रमाआधी प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावतात. शॅपेल, रॉक हे त्यातलेच. गावच्या हॉलमध्ये विनोद करणाऱ्या मुलीला हे कुठून परवडणार? मग ती काय करते? जे आधीच चाललेलं आहे तेच म्हणते. नवरा-बायको, सासू, जाड माणूस, अमक्या जिल्ह्याची भाषा. म्हणजे फिरून जो मिलरच्या पुस्तकापाशी.

नव्या लोकांना सांगण्यासारखं आमच्याकडे थोडकंच आहे, आणि ते या इतिहासातूनच आलेलं आहे. डिलरसारखं दप्तर ठेवा, तारखेनिशी. सिसेरोच्या कसोटीवर विनोद घासून पाहा. मराठी वाक्याचा शेवट कानाने तपासा. प्रत्येक प्रयोग स्वतः मुद्रित करा आणि ऐका, कितीही लाज वाटली तरी. आणि जिथे हशा आला तिथेही एकदा विचारा, का आला.

पण आजच्या सभेत बहुतेक आपण ऐकणारे आहोत, म्हणून शेवटचं आपल्यासाठी. आपण नवोदित गायकाचा बेसूर सहन करतो, मुलाच्या पहिल्या भाषणाला टाळ्या वाजवतो. विनोद फसला की मात्र आपल्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. तर पुढच्या वेळी एखाद्या छोट्या कार्यक्रमाला जाल तेव्हा इतकंच करा. तिकिटाचे पैसे द्या. फोन खिशात ठेवा. हसू आलं तर मोकळेपणी हसा, आणि नाही आलं तर खोटं हसू नका, गप्प बसा. तुमचं प्रामाणिक गप्प बसणं त्या मुलीला घरी घेऊन जाता येईल, आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं एखादं क्रियापद कापून ती परत येईल.